हात थांबला की नेट

घरात ब्रॉडबँड घेण्यासाठी मी जेवढी डोकेफोड केली, तेवढी स्वतःचं लग्न ठरताना केली नव्हती. लग्न आबांनी ठरवलं. पेणहून रोह्याला जायचं होतं, एसटीनं तासाभराचा रस्ता, त्यात विचार तो काय करायचा. ब्रॉडबँडसाठी मात्र मी शंभर पानी वही केली, तिच्यात पट्टीनं रकाने आखले आणि दोन आठवडे सगळ्या शेजाऱ्यांना पिडलं. मी शाळेत गणित शिकवते. रकाने आखल्याशिवाय मला विचारच करता येत नाही.

हा सगळा खटाटोप आबांसाठी होता. आबा म्हणजे माझे वडील. पेणला रामवाडीच्या मागच्या अंगाला आमचा गणपतींचा कारखाना आहे. माझ्या आठवणीत तिथून बाहेर पडलेल्या प्रत्येक मूर्तीचे डोळे आबांनीच काढले. आमच्याकडे या कामाला आखणी म्हणतात. माती कुणी मळली, पितांबर कुणी रंगवलं, याची आबा फारशी चौकशी करत नसत. पण आखणीचा ब्रश त्यांच्याशिवाय कुणी उचलायचा नाही, हा कारखान्याचा नियम होता. अलीकडे त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता. नेमकं समोर बघायला जावं तिथेच धूसर दिसायचं. तरी भिंग लावून त्यांचं काम चालूच होतं. मग माघात अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. तीन महिने जिना नाही आणि प्रवास नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पेणचं घर कारखान्याच्या माडीवर, आणि माझा रोह्याला लागून वरसेतला फ्लॅट तळमजल्याला. त्यामुळे आबा माझ्याकडे आले, सोबत वॉकर आणि रागाचं गाठोडं घेऊन.

तिकडे कारखान्यात परदेशी जाणारी खेप तयार होती. रंग झालेले, दागिने चढलेले गणपती डोळ्यांवाचून ओळीनं बसले होते. चैत्र संपायच्या आत त्यांनी निघायला हवं होतं. धाकट्या भावाचा हात आखणीला चालत नाही, हे तो स्वतःच सांगतो. माझ्या भावजयीचा चालतो, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ती खाडीकाठच्या गावातली, तिचे वडील मिठागरावर कामाला. लग्न होऊन आमच्याकडे आल्यापासून ती मुकुटाची नक्षी आणि सोंडेवरची वेलबुट्टी काढायची. आबा दुपारी झोपले की ती तडा गेलेल्या मूर्तींचे चेहरे घेऊन त्यांच्यावर डोळे काढत बसायची, पुसायची, पुन्हा काढायची. नऊ वर्षं हे चाललं होतं. आबा माझ्याकडे आले त्याच आठवड्यात तिनं फोन केला आणि सरळ विचारलं, "आबा, मी काढू काय डोळे?"

आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "बघितल्याबिगर नाय."

दुसऱ्या एका कारखान्यातल्या आखणीवाल्याला त्यांनी विचारूनही ठेवलं होतं. भावजयीचं काम पसंत पडलं नाही तर तो येणार, आणि ती पुन्हा वेलबुट्टीवर. आबांचं एकदा ठरलं की कुणाचं काही चालत नाही. मला मनापासून वाटत होतं की ती पास व्हावी. खरं सांगायचं तर यात माझाही जुना हिशेब होता. लहानपणी मलाही तो ब्रश हवा होता. मी आबांच्या शेजारी तासन्‌तास बसून बघायची, पण मागायचं धाडस कधी झालं नाही, आणि मग मी गणिताकडे वळले. तिनं मात्र मागितला. मला तिचं कौतुक वाटलं आणि थोडा हेवाही वाटला.

भावानं आधी फोटो पाठवले. आबांनी ते बघायलाही नकार दिला. "फोटोत रेघ दिसते गो, हात नाय दिसत," म्हणाले. त्यांचं म्हणणं असं की वरच्या पापणीची रेघ एका दमात यायला हवी. ब्रश मध्ये थांबला तर तिथे रंग कणभर जाड होतो. आज तो कुणाला दिसणार नाही, पण आरतीच्या उजेडात बरोबर खटकतो. त्यामुळे त्यांना भावजयीचा हात चालताना बघायचा होता. आमचा टीव्ही मोठा आहे. त्याच्यापासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून, मान जराशी वाकडी करून बसलं की आबांना बऱ्यापैकी दिसायचं. म्हणून ठरलं की भावानं पेणहून व्हिडिओ कॉल करायचा आणि मी तो टीव्हीवर लावायचा.

पहिल्या दिवशी माझ्या मोबाइलच्या डेटावर कॉल लावला. भावजयीनं ब्रश टेकवला, रेघ निम्म्यावर आली आणि चित्र गोठलं. चार-पाच सेकंदांनी हललं तेव्हा रेघ पुरी झालेली होती.

"थांबली," आबा म्हणाले.

"आबा, नेट थांबलं."

"नाय गो. हात थांबला."

आता हे सिद्ध कसं करायचं? तिकडे ती म्हणत होती, मी नाय थांबले. भाऊ म्हणत होता, नाय थांबली. पण आबांनी जे पाहिलं ते पाहिलं. असं दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं, आणि आबांनी त्या आखणीवाल्याचा नंबर त्यांच्या डायरीतून मला काढायला सांगितला. मी चष्मा सापडत नाही असं सांगून वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना शंभर पानी वही विकत घेतली.

वरसेत हल्ली जिकडे तिकडे इमारती उभ्या राहताहेत आणि प्रत्येक इमारतीच्या फाटकावर तीन-तीन कंपन्यांचे बोर्ड लटकतात. त्या सगळ्या कंपन्यांची माणसं मी घरी बोलावली. वेग, मुदत, राउटर फुकट की विकत, जोडणीचे पैसे, तक्रार केली तर कोण येतं, असे रकाने वहीत होते. शेवटी 'इतर' नावाचा एक रकाना होता, तो नवऱ्यानं परस्पर भरला. नवरा धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. बसमधल्या प्रत्येकाचं घरच्या नेटबद्दल ठाम मत असतं, आणि ती सगळी मतं त्यानं घरी आणली. पहिल्या शिफ्टवाले एका कंपनीच्या बाजूचे, दुसऱ्या शिफ्टवाले दुसरीच्या. त्याचं स्वतःचं लक्ष फुकटच्या चॅनेलांवर, त्यातही क्रिकेटच्या. "आबांसाठीच घेतोय ना आपण," असं तो म्हणायचा आणि क्रिकेटच्या चॅनेलाखाली पेन्सिलीनं रेघ मारायचा.

शेवटी मी सगळ्यांत मोठ्या वेगाचा, वर्षभराचा प्लॅन घेतला. घरात पांढरी बारीक तार आली, भिंतीवर डबी बसली, राउटरचे हिरवे दिवे लागले. आबा खुर्चीत सरसावून बसले, मी पेणला कॉल लावला, आणि पडद्यावर भावजय आली ती चौकोनी तुकड्यांची. नाक कुठे, ब्रश कुठे, काही पत्ता लागेना. मी कॉल बंद केला, तसं नवऱ्यानं लगबगीनं मॅच लावून पाहिली. ती स्वच्छ दिसत होती.

"खेळनाऱ्याचा घाम दिसतोय," आबा म्हणाले, "आन् माझ्या गणपतीचा डोळा दिसत नाय."

मी चिडले. कंपनीला फोन लावला, एक दाबा, दोन दाबा, सगळं दाबलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला. त्यानं मोबाइलवर वेग मोजून दाखवला, तो अगदी करारात लिहिला होता तसा होता. मग त्यानं शांतपणे विचारलं, "मॅडम, समोरच्या बाजूला काय आहे?"

समोरच्या बाजूला माझा भाऊ होता, पत्र्याच्या छपराखाली, हातात मोबाइल आणि त्यात एकच दांडी रेंज. चित्र निघणार होतं पेणहून आणि मी तार ओढली होती रोह्याला. दोन आठवडे मी रकाने भरले होते आणि समीकरणाची एक अख्खी बाजू लिहायची विसरले होते. शाळेत एखाद्या मुलीनं असं केलं असतं तर मी तिला फळ्यापाशी उभी केली असती. तो माणूस सभ्य होता, हसला नाही. जाताना एवढंच म्हणाला की तिकडे कनेक्शन घ्याल तेव्हा यायचा वेग विचारू नका, पाठवायचा विचारा.

वहीचं नवं पान काढलं. आता पेणच्या कंपन्या. मी सगळ्यांना फोनवर एकच प्रश्न विचारला, पाठवायचा वेग किती? जो तो मला यायचाच वेग पुन्हा मोठ्यांदा वाचून दाखवायचा. एकानं तर प्रश्न संपायच्या आत बारा चॅनेलांची नावं घेतली. भावाचं म्हणणं होतं की ताईनं घेतली तीच कंपनी आपणही घेऊ, म्हणजे दोन्हीकडे एकच राहील. मी त्याला रामवाडीतल्या कारखान्यांमध्ये एक चक्कर मारायला लावली. प्रत्येकाला विचारायचं, नेट शेवटचं कधी गेलं आणि मग कोण आलं. कुणी म्हणालं दोन दिवस कुणी आलंच नाही, कुणी म्हणालं नुसते मेसेज आले. पण चार जणांनी एकाच माणसाचं नाव घेतलं, दोन गल्ल्या सोडून राहणारा केबलवाला. पूर्वी तो टीव्हीची केबल द्यायचा, आता फायबर देतो. नेट गेलं की स्कूटरला शिडी बांधून तो स्वतः येतो. मी त्याला फोन केला तेव्हा त्यानं आधी मलाच विचारलं की नेट कशासाठी पाहिजे. मी सांगितलं. तो म्हणाला, वेग कंपनीपेक्षा कमी आहे, पण यायचा आणि पाठवायचा सारखाच, आणि चॅनेल एकही मिळणार नाही. मी वही मिटली. आमच्या घरात 'चॅनेल नाही' ही जमेची बाजू ठरण्याची ती पहिलीच वेळ.

जोडणी झाली. दोन दिवस शाळेला सुट्टी होती, म्हणून सकाळीच कॉल लावून पाहिला, चित्र लख्ख. मूर्तीच्या गालावरची ब्रशची ओलसुद्धा दिसत होती. आबांनी भावाला मूर्ती फिरवायला लावून कान, सोंड, बोटं सगळं तपासलं, दोन चुका काढल्या आणि त्या दिवशी चार घास जास्त जेवले. पण आखणी सकाळी होत नाही. सकाळी कारखान्यात ठोकपीट, ये-जा, रंगाचा फवारा. आखणीला दुपारची जेवणं झाल्यावर बसायचं, जेव्हा सगळे पेंगत असतात आणि पश्चिमेच्या खिडकीतून उजेड येतो. ही आबांचीच पद्धत.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावजय बसली. पहिली रेघ निम्म्यावर, आणि चित्र गोठलं. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी कॉलच लागला नाही, आणि संध्याकाळी सगळं पुन्हा सुरळीत.

"बरोबर टायमाला थांबते," आबा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "घाबरते ती. तिचा दोष नाय. सोमवारी त्या आखणीवाल्याला बोलवू."

मी स्वयंपाकघरात जाऊन केबलवाल्याला फोन लावला आणि त्याला नको नको ते बोलले. दुपारीच तुमची लाइन कशी जाते, झोपता का तुम्ही त्या वेळी, असंही बोलले. तो ऐकून घेत होता. मग भावजयीला फोन केला. ती रडत नव्हती, पण तिचा आवाज खोल गेला होता. म्हणाली, "ताई, मी खरंच नाय थांबत वो. पन आता रेघ काढताना मनात येतं, आता थांबनार, आता थांबनार. आसं चाललं तर एक दिस खरंच थांबेन."

रविवारी सकाळी मी एसटी पकडली आणि पेणला गेले. दुपारी केबलवाला आला, शिडीसकट. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. मी फोनवर एवढी बोलले होते तरी त्यानं नमस्कार केला. त्यानं खांबापासून तार तपासली, डबी उघडून पाहिली, सगळं ठीक. राउटर कुठे आहे, त्यानं विचारलं. भावानं लांब फळीकडे बोट केलं, शाडूच्या कच्च्या मूर्ती वाळत ठेवतात त्या फळीकडे. जवळ प्लग होता म्हणून राउटर तिथेच, दोन छोट्या गणपतींच्या मधे बसवला होता. दिवे हिरवे. केबलवाल्यानं मोबाइलवर वेग मोजला, उत्तम. मी त्याच्याशी पुन्हा वाद घालायच्या तयारीत होते.

तेवढ्यात भावानं बादलीतून ओलं फडकं उचललं. उन्हाळ्यात शाडू भरभर वाळला तर तडे जातात, म्हणून आमच्याकडे दुपारची जेवणं झाली की फळीवरच्या सगळ्या कच्च्या मूर्तींवर ओलं फडकं पांघरतात. आबांच्या वडिलांपासूनची पद्धत. आमच्याशी बोलता बोलता भावानं ते लांबलचक फडकं पिळलं, झटकलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फळीवर अंथरलं. कोपरे नीट खोचले. हिरवे दिवे फडक्याखाली गेले.

मी, भावजय आणि केबलवाला, आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला काही कळेना. केबलवाला पुढे झाला, फडक्याचं टोक उचललं, कोंडून तापलेल्या त्या डब्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, "दादा, हा पन कच्चाच हाय काय?"

भावजय हसली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कितीतरी दिवसांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. भाऊ बिचारा सांगत राहिला की हात सवयीनं जातो, तो तरी काय करणार, आणि जळला नाही हे नशीब. राउटर वर खिळ्याला टांगला, कॅलेंडरच्या शेजारी. मी केबलवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला की बोलणी खायची सवय आहे, पण कारण असं पहिल्यांदाच मिळालं. चहा घेऊन तो शिडी बांधून गेला.

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. सवयीनं फडकं टाकणारा मुलगा त्यांचाच, सवयही त्यांचीच, त्यामुळे रागवायला जागा उरली नव्हती. फक्त म्हणाले, "उद्या बघू."

सोमवारी सकाळची शाळा करून मी घरी आले, जेवणं उरकली आणि कॉल लावला. आबांनी धुतलेला सदरा घातला होता. आखणीला बसताना ते नेहमी धुतलेला सदरा घालत, हे मी विसरले होते. पडद्यावर मूर्तीचा चेहरा एवढा मोठा आला की रंगाचा वास यावा. भावजयीचा हात खालून वर आला. ब्रश टेकला. मी राउटरच्या दिव्यांकडे बघत होते, हातात असतं तर मी ते दिवे धरून ठेवले असते. रेघ निघाली, पापणीच्या कडेनं वळली, खाली उतरली आणि कोपऱ्यात जाऊन बारीक होत संपली. चित्र हललं नाही आणि हातही थांबला नाही. आबांकडे पाहिलं तर त्यांची तर्जनी खुर्चीच्या दांड्यावर तीच रेघ काढत होती.

दुसरा डोळा झाला. बुबुळं झाली. मग दुसरी मूर्ती. भावजय एकदाही आमच्याकडे बघत नव्हती, ती तिच्या कामात होती. तिसऱ्या मूर्तीला पहिली रेघ निघाली आणि आबांची तर्जनी दांड्यावर तशीच स्थिर राहिली. आता ते नुसते बघत होते.

"बंद कर गो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आबा, आता तर नेट थांबलं नाही."

"नाय थांबलं. हातपन नाय थांबला. बंद कर. डोक्यावर बसून कशाला बघायचं? तिला काम करू दे."

मी कॉल बंद केला. वर्षभराचा प्लॅन इकडे, वर्षभराचा तिकडे, आणि त्याचं काम अर्ध्या तासात संपलं होतं. आबांनी वॉकर ओढला, उठून उभे राहिले आणि नवऱ्याला सांगितलं की आता काय ती मॅच लाव. मला हसू येत होतं.

दोन मिनिटांत फोन वाजला. भावजय होती, घाबरीघुबरी.

"ताई, लाइन गेली काय?"

"नाही गो. लाइन चांगली आहे. आबांनीच बंद करायला सांगितलं. म्हणाले, तिला काम करू दे."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, आता खरंच लाइन गेली. मग वाटीतल्या पाण्यात ब्रश खळखळल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "बरं. ठेवते मग. उजेड हाय तंवर दोन होतील."